पारूबाई आणि फुनाफुतीचं विमान

बिलोलीच्या बसस्टँडवर पारूबाईचा चहाचा गाडा होता आणि गाड्यामागे एक स्टूल होतं. त्या स्टुलावर पारूबाईला बसलेलं मात्र कुणी पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक नसलं की ती कपबश्या विसळायची, विसळून झाल्या की गाडा पुसायची, आणि पुसायलाही काही उरलं नाही की उगाच फाटकापर्यंत जाऊन देगलूरची गाडी येते का ते बघून यायची. तिचा भाऊ नरसिंग एसटीत ड्रायव्हर होता. चहा प्यायला थांबला की म्हणायचा, "पारू, तुला बघून मलाच धाप लागती. घटकाभर बूड टेकव की."

"बसलं की डोक्यात नको ते येतंय," ती म्हणायची. "त्यापरीस हात चालू असलेले बरे."

नको ते म्हणजे काय, हे नरसिंगला ठाऊक होतं. पारूबाईचा नवरा अचानक आजारी पडला तेव्हा त्याला नांदेडच्या दवाखान्यात नेलं होतं. त्याला आत घेतलं आणि तिला सांगितलं, बाहेर बसा, बोलावतो. ती कडेवरच्या लेकराला घेऊन बाकावर बसली. बोलावलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यात कुणाची चूक नव्हती. पण तो आत एकटा होता आणि आपण बाहेर सांगितलेलं ऐकत बसून राहिलो, हे काही तिच्या मनातून गेलं नाही.

ते लेकरू म्हणजे धम्मप्रिया. चहाच्या गाड्यावर तिला वाढवलं, नांदेडला नर्सिंग शिकवलं. उदगीरच्या धम्मानंदशी तिचं लग्न झालं. मुलगा गुणी, सौरऊर्जेच्या कामातला इंजिनिअर. दोन वर्षं राजस्थानात काढली आणि मग कंपनीने त्याला तुवालू नावाच्या देशात पाठवलं. पारूबाईने विचारलं, हे कुठं आलं? नरसिंगने मोबाइलवर नकाशा काढला. नुसतं निळं पाणी दिसत होतं. त्याने दोन बोटांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, तेव्हा कुठे पाण्यात एक वाकडी रेघ दिसली, नखाने ओरखडल्यासारखी.

"ह्याच्यावर माणसं राहत्यात?"

"राहत्यात की. देश हाय तो. हे त्याचं राजधानीचं गाव, फुनाफुती."

"आन् गाडी कुठून जाती?"

"गाडी कुठली? इमान जातं, फिजीवरून. तेबी रोज न्हाई. आठवड्यातून तीनदा."

पारूबाईला कसंसंच झालं. तिच्या डोळ्यांसमोर उभा जन्म गाड्या सुटत आल्या होत्या. एक चुकली तर दुसरी, दुसरी भरून आली तर मागून तिसरी, आणि काहीच नाही मिळालं तर नरसी गावापर्यंत जीप. माणूस अडकून पडतो म्हणजे काय, हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

धम्मप्रियाचे पहिले दोन गर्भ टिकले नव्हते. तिसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा ती त्या रेघेवरच होती. तिथे दवाखाना होता, डॉक्टर होते, पण अवघड बाळंतपण दिसलं की ते बाईला विमानाने फिजीला पाठवत. हिलाही सांगितलं होतं, नववा लागण्याआधी फिजीच्या सुवा शहरात जाऊन राहायचं. तिचं विमान ठरलं होतं. त्याच्या तीन आठवडे आधी पारूबाईने तिथे जायचं, पोरीला सांभाळायचं आणि बरोबरच सुवाला परत यायचं, असा बेत होता.

"तू एकटी कशी येशील, माय?" धम्मप्रिया फोनवर म्हणाली.

"तोंड हाय की मला. इचारत इचारत येते."

आणि खरंच ती विचारत विचारत गेली. नरसिंगने हैदराबादला विमानात बसवून दिलं, तिथून सिंगापूर, तिथून फिजीतलं नांदी. 'नांदी' ऐकून तिला आपलं नांदेडच आठवलं. तिथून बसने सुवा. त्या बसमध्ये तिला दोन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. बस होती, कंडक्टरसारखा एक माणूस होता आणि रस्त्याला ऊस होता.

सुवाचं विमानतळ गावाबाहेर, नौसोरी नावाच्या ठिकाणी होतं. तिथून जवळच सिद्धम्मा नावाची एक म्हातारी बाई आपल्या घरातल्या दोन खोल्या प्रवाशांना देत असे. धम्मानंदने तिथेच सोय केली होती. सिद्धम्माची आजी ऊस तोडायला जहाजातून आली होती, तेलुगू मुलखातून. सिद्धम्मा बोलायची ती फिजीतली हिंदी, पारूबाईची हिंदी मराठवाड्याची. अर्धं कळायचं, अर्धं हातवाऱ्यांवर भागायचं. पण पहिल्याच दिवशी सिद्धम्माने ताट पुढे सरकवत सहज विचारलं, "बुव्वा तिन्नावा?"

पारूबाई दचकली. जेवलीस का, हे तेलुगूत विचारणारी माणसं बिलोलीच्या बाजारात तेलंगणाच्या हद्दीपलीकडून रोज येत. तिने तेलुगूतच सांगितलं, नाही, अजून नाही. सिद्धम्मा हातातला चमचा तसाच धरून तिच्याकडे बघत राहिली. आजीनंतर ही भाषा तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. तिच्याकडे उरले होते मोजके शब्द, पाणी, भात, ये, झोप, इतकेच. पारूबाईकडे बाजारापुरते. पण त्या दिवसापासून सिद्धम्मा तिला बहीण म्हणू लागली.

मंगळवारी सकाळी पारूबाई फुनाफुतीच्या विमानात बसली. पंख्यांचं, लहानसं विमान होतं. एसटीत नेहमी सावलीची बाजू धरायची सवय, म्हणून चढल्या चढल्या तिने ऊन कुठल्या बाजूला आहे ते बघून घेतलं. तिची जागा उन्हाच्या बाजूची निघाली. असू दे म्हणाली. पोरीसाठी आणलेली डिंकाच्या लाडवांची पिशवी मांडीवर घट्ट धरून ती खाली बघत राहिली. खाली पाणीच पाणी. दोन तास झाले तशी खालची निळाई गेली आणि पांढऱ्या-करड्या ढगांचा चिखल सुरू झाला. विमान त्या ढगांत उतरलं, हादरलं, पुन्हा वर आलं. पुन्हा उतरलं. काचेवर पाणी आडवं धावत होतं. शेजारच्या बाईने डोळे मिटून घेतले. विमान पुन्हा वर चढलं. मग इंग्रजीतून काहीतरी सांगितलं गेलं आणि सगळ्या विमानातून एक लांब सुस्कारा निघाला.

काय सांगितलं ते तिला कळलं नाही. पण थोड्या वेळाने तोंडावरचं ऊन गेलं आणि पलीकडच्या रांगेवर पडलं. विमान वळलं होतं.

"क्या हुआ? उतरे नहीं?" तिने शेजारणीला विचारलं. शेजारणीला हिंदी येत नव्हती. तिने हाताने खाली दाखवलं, मान हलवली आणि मग बोट मागे केलं, जिकडून आलो तिकडे.

माझी पोरगी खाली होती, पारूबाईच्या मनात आलं. ह्या ढगाखालीच होती. आणि हातातली पिशवी तशीच घेऊन ती परत सुवाला आली.

संध्याकाळी फोन लागला. धम्मप्रिया म्हणाली, "आवाज आला होता गं माय विमानाचा. पावसात मी दारात उभी होते. वर घुमला आणि गेला."

"तू कशाला उभी राहतीस पावसात?"

"मग काय करू?"

तिच्या जागी असती तर पारूबाईही उभीच राहिली असती.

गुरुवारचं विमान हवेमुळे सुटलंच नाही. विमानतळावर मंगळवारची माणसं, गुरुवारची माणसं, त्यांच्या पेट्या, खोकी, पिठाची पोती असा सगळा संसार साठला होता. पारूबाई त्या गर्दीत नुसती फेऱ्या मारत होती. खिडकीवरच्या मुलीला तिने इतक्यांदा विचारलं की ती मुलगी तिला लांबून बघूनच मान हलवू लागली. तिने सिद्धम्माला विचारलं, दुसरं काही नाही का? जहाज? सिद्धम्माने चौकशी केली. जहाज होतं, पण ते कधी सुटेल ते नक्की नव्हतं आणि पोचायला कितीतरी दिवस घेणार होतं.

"बैठो बहिनी," सिद्धम्मा म्हणाली. "पलेन के मन हई. जब जाई तब जाई."

"मेरेकू बैठना नहीं आता," पारूबाई म्हणाली आणि पुन्हा खिडकीकडे निघाली.

घरी आल्यावरही तेच. सिद्धम्माची भांडी तिने घासली, अंगण झाडलं, झाडलेलं पुन्हा झाडलं. सिद्धम्माच्या परसातली रताळ्यासारख्या कसावाची झाडं उपटून, मुळं सोलून टोपलीभर करून ठेवली. सिद्धम्मा ओट्यावर बसून बघत होती. शेवटी तिने उठून झाडू काढून घेतला आणि पारूबाईच्या हाताला धरून तिला ओट्यावर बसवलं. पारूबाई बसली खरी, पण पाय हलतच राहिले.

शुक्रवारी धम्मानंदचा फोन आला. तो शांत माणूस, पण आज त्याचा आवाज घाईत होता.

"मामी, तिचं बीपी वाढलंय. पायांवर सूज आलीय. डॉक्टर म्हणताहेत, आता थांबायचं नाही, उद्याच्या विमानाने सुवाला हलवायचं. स्ट्रेचर लावतील. मी आणि एक नर्स बरोबर येतोय."

"मंग मी उद्या येते की. माझा नंबर हाय उद्याच्या विमानात. तिला घेऊनच परत येते."

"तेच सांगायला फोन केला. तुम्ही येऊ नका. येताना विमानात एकही जागा नाही. स्ट्रेचरनेच पुढच्या जागा अडवल्यात. तुम्ही इकडे उतरलात आणि आम्ही तिकडे निघालो, तर तुम्ही मंगळवारपर्यंत इकडेच अडकाल. तिला तिकडे तुमची गरज लागणार."

मग धम्मप्रियाने फोन घेतला. आवाज बारीक झाला होता. "माय, तू तिथंच थांब. मीच येऊन राहिले तुझ्याकडं. ऐकतीस ना?"

"हाव."

"नक्की?"

"हाव म्हणले ना."

त्यानंतर फोन लागला नाही. तिकडे वादळी हवेने लाइन गेली असावी. पारूबाईने हात दुखेपर्यंत नंबर फिरवला.

शनिवारी हवा उघडली. विमान जाणार हे नक्की झालं आणि विमानतळावर एकच धांदल उडाली. पारूबाई सिद्धम्माला घेऊन पहाटेच आली होती, आपली पिशवी आणि बॅग घेऊन. घरातून निघताना सिद्धम्माने विचारलं होतं, जायचं नाही ना, मग बॅग कशाला? पारूबाई बॅग उचलून पुढे चालू लागली होती.

तिचा नंबर आला. खिडकीवरची मुलगी म्हणाली, बॅग ठेवा. पारूबाईने बॅग उचलली आणि काट्याजवळ धरून उभी राहिली. ठेवली नाही.

बसावं की नाही? आज विमान पुन्हा ढगांवरून परत आलं तर? पोरीला स्ट्रेचरवर घेऊन ते धावपट्टीवर उभे राहतील आणि वरून नुसता आवाज जाईल. मग मी इकडे, ती तिकडे. आणि विमान उतरलं आणि तिला घेऊन आलं, तर मी त्या रेघेवर आणि ती ह्या परक्या गावात, दवाखान्यात. कुठंही गेलं तरी मधे पाणीच. तिला नांदेडचा तो बाक आठवला. बाहेर बसा, बोलावतो. आज पुन्हा कुणीतरी थांबा म्हणत होतं, आणि ह्या वेळी ते कुणी परकं नव्हतं.

"मॅडम?" मुलगी म्हणाली. मागे रांग खोळंबली होती. रांगेबाहेर एक उंच, दणकट माणूस उभा होता. त्याचा बाप फुनाफुतीत वारला होता, त्याला मातीला पोचायचं होतं आणि जागा नव्हती. सिद्धम्माने हे पारूबाईला हळूच सांगितलं.

पारूबाईने बॅग खाली ठेवली, काट्यावर नाही, आपल्या पायाशी. "इनको जाने दो," ती म्हणाली.

त्या माणसाने तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि त्याच्या भाषेत काही बोलला. तिचं लक्ष नव्हतं. ती काचेतून विमानाकडे बघत होती. विमान धावलं, उडालं आणि बघता बघता दिसेनासं झालं. चुकलं, असं तिला त्याच क्षणी वाटलं, कुठल्याच कारणाशिवाय.

तो दिवस तिने कसा काढला ते सिद्धम्मालाच ठाऊक. विमानतळाच्या कुंपणाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ती चालत होती. सिद्धम्मा मधूनमधून तिला हाक मारायची, "रा, रा," ये, ये. ती यायची, पाण्याचा घोट घ्यायची आणि पुन्हा निघायची. दुपार टळल्यावर विमान आलं. बाहेर रुग्णवाहिका उभी होती. पारूबाई तिच्या मागच्या दाराला हात लावून उभी राहिली.

माणसं उतरली. पेट्या उतरल्या. रुग्णवाहिकेचा माणूस आत गेला आणि हात हलवत परत आला. स्ट्रेचर नव्हतं.

"हमारी बेटी?" पारूबाई प्रत्येकाला विचारू लागली. शेवटी एका उतारू बाईने सिद्धम्माला गाठून सांगितलं. पहाटेच कळा सुरू झाल्या. डॉक्टरांनी ठरवलं, ह्या अवस्थेत विमानात घालायचं नाही, काय व्हायचं ते इथेच होऊ द्या. विमान निघालं तोवर बाळ झालं नव्हतं. एवढंच तिला माहीत होतं.

सिद्धम्माला वाटलं, आता ही बाई हंबरडा फोडणार. पण पारूबाई तिथेच, रुग्णवाहिकेच्या पायरीवर, बसली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी बसली, आणि ह्या वेळी पायही हलले नाहीत. सिद्धम्मा शेजारी टेकली. रुग्णवाहिकेवाल्याला गाडी न्यायची होती, पण त्याने त्यांना उठवलं नाही.

दिवेलागणीला, दोघी घरी आल्यावर, फोन वाजला.

"मामी," धम्मानंद म्हणाला. "मुलगी झाली, मामी. लहान आहे, पण रडली. दोघी बऱ्या आहेत. बीपी उतरतंय."

"प्रिया बोलती का?"

"झोपलीय."

"तिला उठवू नका," पारूबाई म्हणाली. मग फोन सिद्धम्माच्या हातात देऊन ती परसात गेली आणि तोंडावर पाण्याचे हबके मारत राहिली.

मंगळवारी पारूबाईचं विमान फुनाफुतीला उतरलं. वरून तिने ती रेघ आता डोळ्यांनी पाहिली. दोन्ही बाजूंना समुद्र, मधे माडांची ओळ, घरांचे पत्रे आणि त्या सगळ्यापेक्षा रुंद अशी धावपट्टी. पट्टीच्या कडेला पोरं फुटबॉल घेऊन उभी होती. विमान येण्याआधी भोंगा वाजतो, तेव्हा खेळ थांबवायचा, विमान गेलं की पुन्हा सुरू, असं तिला नंतर कळलं. उतरताना तिच्या मनात एकच हिशेब चालला होता, पुन्हा काही अडलं तर परत जायला विमान कधी.

धम्मप्रिया आता घरी होती, खाटेवर बसली होती. चेहरा पांढरा पडला होता, ओठ सुकले होते. पारूबाईने आधी तिच्या पायांकडे पाहिलं, सूज उतरली होती. मग तिचं डोकं छातीशी धरलं. धम्मप्रिया रडली नाही. म्हणाली, "विमान आलं होतं माय शनिवारी. भोंगा ऐकला मी. कळा चालल्या होत्या. नर्सला म्हणलं, माझी माय आली असंल, दार उघडं ठेवा."

पारूबाईचा हात तिच्या केसांवर थांबला. "तूच म्हणलीस, थांब म्हणून."

"म्हणले होते. पण तू कवा कुणाचं ऐकलंस? मला वाटलं, विमानात बसशीलच तू."

खोलीत पंखा फिरत होता. पारूबाईला म्हणायचं होतं की बॅग हातात होती, की काट्यापर्यंत गेले होते, की कुंपणाला किती फेऱ्या घातल्या. त्यातलं एकही ओठांवर आलं नाही. पोरगी रागावलेली नव्हती. रागावली असती तर बोलता तरी आलं असतं.

"चुकलं माझं," ती एवढंच म्हणाली.

"तुझं काय चुकलं? विमानच तसलं," धम्मप्रिया म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. तिचा हात मात्र मागे पसरलेला राहिला. पारूबाईने तो धरला आणि ती झोपेपर्यंत सोडला नाही.

मग तिने कामाला हात घातला. तेल कोमट केलं, बाळाला मांडीवर घेऊन बोटाच्या पेरांनी हलकेच चोळलं. पोर एवढीशी होती की मांडीचा खळगाही भरत नव्हता. रडत मात्र जोरात होती. लाडू बाहेर काढले, आठवडाभराच्या दमट हवेने ते मऊ पडले होते, तरी लेकीच्या उशाशी ठेवले. बाहेर संध्याकाळ झाली. विमान गेल्यावर धावपट्टीवर सगळं गाव लोटलं होतं. कुणी खेळत होतं, कुणी चटई टाकून पडलं होतं.

धम्मानंद कामावरून आला. दारात चपला काढता काढता त्याने पाहिलं, पारूबाई बाळाला खांद्यावर घेऊन खोलीत ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालत होती.

"बसा की मामी. थकला असाल."

"जावईबापू, इथून पुढचं विमान कवा?"

"गुरुवारी. का? लगेच परत निघालात?"

"न्हाई. मी कुठं जाते आता?" ती म्हणाली आणि खिडकीपाशी जाऊन आभाळाकडे पाहिलं. पश्चिमेला ढगांची एक काळी कड दिसत होती. "माहीत असलेलं बरं."